शेगडी, कोळसा आणि वारा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणांना हसू आले असेल. शेगडी पेटवणे हाही का भाषणाचा विषय झाला? आपल्या आज्या-पणज्या हे काम डोळे मिटून करत आल्या. त्यासाठी कॉलेजातल्या मास्तराने रेडिओवर येऊन बोलायचे म्हणजे गंमतच, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. त्यातून मी रसायनशास्त्राचा माणूसही नव्हे. मी मुलांना मराठी शिकवतो. पण माझ्या घरात एक प्रसंग असा घडला, की ह्या साध्या गोष्टीपायी मला चार पुस्तके चाळावी लागली आणि जाणत्या माणसांचे उंबरे झिजवावे लागले. तो प्रसंग मी पुढे सांगणारच आहे. आधी आपण शेगडी पेटवू या.

आता घरोघर गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून वाड्यावस्त्यांवरही सिलिंडर पोचले. पण म्हणून कोळशाची शेगडी गेली असे समजू नका. एस. टी. स्टँडबाहेर कणीस भाजणारी बाई शेगडीवरच भाजते. कोळशाची इस्त्री अजून फिरते. धाब्यावरचा तंदूर म्हणजे तरी काय, मातीची उभी शेगडीच. पौष-माघात म्हातारी माणसे शेकायला शेगडी मागतात, आणि बाळंतिणीच्या खोलीत तर शेगडीचा मान अजून कायम आहे. शहरातल्या हौशी मंडळींकडे अलीकडे अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिकची, झाकणाची शेगडी दिसू लागली आहे. तिच्याकडेही आपण जाणार आहोत. रूपे निराळी, पण आत कोळसा तोच आणि त्याचा स्वभावही तोच.

तो स्वभाव आधी समजून घेऊ. लाकूड पेटते तेव्हा तापलेल्या लाकडातून वायू बाहेर पडतात आणि ते वायू पेटतात. त्यालाच आपण ज्योत किंवा जाळ म्हणतो. कोळसा तयार करताना काय करतात? लाकडे रचून त्यांवर पाला आणि माती लिंपतात, आत अगदी थोडी हवा ठेवतात आणि भट्टी दिवसचे दिवस धुमसत ठेवतात. कोकणात आणि घाटावर कातकरी बांधवांनी ह्या भट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला आहे. त्या भट्टीत लाकडातले पाणी जाते, जाळ करणारे वायूही बरेचसे निघून जातात आणि मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. म्हणून लाकडी कोळसा सुक्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतो आणि धूरही फार करत नाही. पण ज्या गोष्टीमुळे लाकूड चटकन पेट घेते, तीच त्याच्यातून गेलेली असते. म्हणून काडेपेटीतल्या काडीने कोळसा पेटत नाही. तो साधारण साडेतीनशे अंशांपर्यंत तापावा लागतो. एकदा का तेवढा तापला आणि वारा मिळाला, की मग तो आपल्या अंगच्या उष्णतेवर जळत राहतो.

तेव्हा कोळशाला तीन गोष्टी हव्यात. पहिली, सुरुवातीची उष्णता. दुसरी, खालून वर जाणारा वारा. आणि तिसरी, सोबत. होय, सोबतच म्हणतो मी. शेगडीतून एकच निखारा चिमट्याने उचलून बाजूला ठेवा. थोड्याच वेळात तो काळा पडतो. दोन-तीन निखारे एकमेकांना लागून ठेवा, ते जगतात. एकाची आच दुसऱ्याला मिळते, दुसऱ्याची पहिल्याला. म्हणून कोळसे पसरून पेटवायचे नसतात. रास करून पेटवायचे आणि पेटल्यावर पसरायचे.

शेगडी मातीची का, तेही सांगतो. लोखंडातून उष्णता झपाट्याने बाहेर जाते, भाजलेल्या मातीतून ती फार हळू जाते. मातीची भिंत आतली आच आत राखते. आपल्याकडे फुटक्या बादलीला आतून माती लिंपून शेगडी करायची पद्धत होती, ती उगीच नव्हती. आफ्रिकेतल्या केनियात १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नेमका हाच विचार झाला. थायलंडमधल्या बादलीसारख्या शेगडीवरून त्यांनी बाहेर पत्रा आणि आत भाजलेल्या मातीचे अस्तर अशी शेगडी केली. तिथे शेगडीला ‘जिको’ म्हणतात. नुसत्या पत्र्याच्या जुन्या शेगडीच्या मानाने तिच्यात कोळसा पुष्कळ वाचतो, म्हणून ती तिकडे घरोघर गेली. आपल्या बादलीच्या शेगडीची ही सख्खी बहीणच म्हणा ना.

आता पेटवण्याकडे वळू. शेगडी उघड्यावर, अंगणात न्या. कालची राख झाडून टाका. जाळीची भोके मोकळी करा, कारण वारा तिथूनच वर येणार. खालचे तोंड वाऱ्याच्या बाजूला करा. कोळसे लिंबाएवढे असावेत. फार मोठे असले तर तापायला वेळ लागतो, फार बारीक असले तर फटी बुजतात. कोळशाची भुकटी जाळीवर घालू नका. ती वाऱ्याची वाट अडवते. कोळसा ओला असेल तर आधी उन्हात टाका. ओला कोळसा तडतडतो, उडतो आणि डोळ्यांत जातो. शेगडी नवी असेल तर पहिल्या दिवशी मोठा विस्तव करू नये. आधी थोडीशी आच देऊन मातीतली ओल हळूहळू जाऊ द्यावी, नाहीतर शेगडीला तडा जातो.

पेटवण्याची पहिली रीत सगळ्यांत जुनी. चुलीतले दोन-तीन रसरशीत निखारे पळीने किंवा चिमट्याने आणायचे, जाळीच्या मध्यभागी ठेवायचे आणि भोवती व वर कोळसे रचायचे. रचताना मधून फटी राहू द्यायच्या. पूर्वी शेजारणी एकमेकींकडे गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागायला जात, ती हीच रीत. हिच्यात धूर नाही आणि खर्चही नाही. पण आता चुलीच राहिल्या नाहीत, तिथे निखारा आणायचा कुठून?

म्हणून दुसरी रीत. जाळीवर आधी गोवरीचा वाळका तुकडा, नारळाची शेंडी, करवंटीचे कपरे किंवा दाणे काढून वाळवलेले मक्याचे कणीस ठेवायचे. वऱ्हाडात पऱ्हाट्या असतील, मराठवाड्यात तुरीच्या काड्या असतील. जे शेतात निघते ते घ्यावे. त्यावर कोळशाची सैल रास करायची आणि ती काटकी खालून पेटवायची. जाळ वर जाईल, कोळशाला वेढेल आणि खालचे कोळसे आधी धरतील. वरून पेटवून खाली आच पोचवायची म्हटले तर वेळ लागतो, कारण गरम हवेची धाव वर असते.

तिसरी रीत मला फार आवडते. घरातला एक रिकामा, उंच, गोल डबा घ्या. रंगवलेला किंवा जस्ताचा मुलामा दिलेला नको, कारण तापल्यावर त्यातून वाईट वाफा निघतात. त्याचे झाकण आणि बूड दोन्ही काढून टाका. खालच्या कडेला भोवताली दहा-बारा भोके पाडा आणि त्याच्या थोडे वर आडव्या जाड तारा ओवा. हे नळकांडे दोन विटांवर उभे करा. तारांखाली चुरगळलेला कागद, तारांवर कोळसे. कागद पेटवला, की हे नळकांडे धुराड्यासारखे काम करते. आतली गरम हवा वर उठते, खालून ताजी हवा आत ओढली जाते. फुंकायला नको, वारा घालायला नको. पंधरा-वीस मिनिटांत वरचे कोळसेही कडेने पांढुरके दिसू लागतात. मग जाड फडके हाताला गुंडाळून, पकडीने धरून, कोळसे शेगडीत ओतायचे. परदेशात असे नळकांडे दुकानात विकत मिळते. आपल्याला ते गावातला पत्र्याचे काम करणारा कारागीर तासाभरात करून देईल.

काटक्याही नसतील तर कापराची वडी चालते. शिक्षकांनी मुलांकडून आणखी एक वस्तू करवून घ्यावी. सुताराकडचा लाकडाचा भुसा घ्यायचा, उरल्यासुरल्या मेणबत्त्या मोठ्या माणसाने वितळवून त्यात कालवायच्या आणि पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये त्याच्या वड्या थापायच्या. एक वडी बराच वेळ संथ जळते आणि शेगडी पेटवायला पुरते. बाजारात ह्याच तत्त्वावर केलेल्या वड्या पुष्कळ पैसे घेऊन विकतात. विजेवर तापणारी कांब किंवा गरम हवा सोडणारे यंत्र वापरणारेही लोक आहेत; त्यांचे काम चटकन होते, पण वीज असेल तेव्हाच.

वारा घालायचा तो सुपाने, विंझणाने किंवा फुंकणीने. इथे मुलांना एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. फुंकर मारली की मेणबत्ती विझते, पण निखारा मात्र फुलतो, असे का? मुलांना जरा डोके खाजवू द्या. मेणबत्तीची ज्योत म्हणजे जळणारा वायू. फुंकरीने तो वातीपासून दूर उडतो आणि निवतो. निखारा हा घन पदार्थ. तो आपल्या पृष्ठभागावर जळतो. फुंकरीने त्याच्यावरची राख झडते, भोवतीची वापरलेली हवा हटते आणि ताजा प्राणवायू त्याला भिडतो. एवढ्या एका प्रश्नात ज्वलनाचा अर्धा धडा होतो.

आता काय करू नये ते सांगतो. शेगडीवर रॉकेल ओतू नये. पेट्रोलचे तर नावही काढू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच आपल्या पायाशी भडका उडतो. ‘विझली वाटते’ म्हणून अर्धवट पेटलेल्या शेगडीवर रॉकेल ओतणारी माणसे मी पाहिली आहेत. गरम कोळशावर पडलेल्या रॉकेलची पांढरी वाफ होते आणि एका क्षणात ती पेटते. धार धरून जाळ हातातल्या बाटलीपर्यंत येतो. ह्या एका सवयीने किती लेकीसुना भाजल्या असतील! शिवाय माती सच्छिद्र असते, ती तेल पिते. मग चार दिवस त्या शेगडीवरच्या वांग्याला रॉकेलचा वास येतो. प्लॅस्टिकची पिशवी, चपलेचा तुकडा, टायरचे रबर ह्यांनीही विस्तव लवकर पेटतो खरा, पण तो धूर विषारी असतो आणि त्यावर आपण अन्न शिजवणार असतो.

आता झाकणाच्या सिरॅमिक शेगडीकडे येऊ. मी तिचे नाव काढले ते शहरी हौसेचे कौतुक म्हणून नव्हे. कोळसा आणि वारा ह्यांचे नाते तिच्यात आरशासारखे दिसते, म्हणून. जपानात चुलीला ‘कामादो’ म्हणतात. भात शिजवण्यासाठी तिथे झाकण असलेली मातीची गोल चूल होती, तिला ‘मुशिकामादो’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली आणि त्यांनी ती मायदेशी नेली. १९७४ साली अटलांटा शहरात एड फिशर ह्यांनी ‘बिग ग्रीन एग’ नावाची कंपनी काढून अशा शेगड्या विकायला सुरुवात केली. साध्या मातीला तडे जात, म्हणून पुढे अधिक उष्णता सोसणारे सिरॅमिक वापरात आले.

तिची रचना सोपी आहे. खाली हवेचे एक दार, वर झाकणात धुरासाठी दुसरे. पेटवताना झाकण उघडे ठेवतात आणि खालचे दार पूर्ण उघडतात. कोळशाच्या राशीत दोन-तीन जागी मेणाच्या वड्या खुपसून पेटवतात आणि दहा-पंधरा मिनिटे तिला हात लावत नाहीत. मग झाकण लावतात, आणि पुढचे सगळे काम त्या दोन दारांचे. दारे उघडली की आच वाढते, लोटली की कमी होते, दोन्ही बंद केली की कोळसा विझतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी कामाला येतो. मात्र जाड भिंतीत उष्णता मुरून राहत असल्यामुळे तापलेली शेगडी लवकर निवत नाही. म्हणून आच हवी तेवढी होण्याच्या आधीच दार लोटावे लागते.

पण ह्या शेगडीची खरी मेख निराळीच आहे. दारे लोटून आत कोळसा धुमसत असताना कोणी झाकण एकदम उघडले, तर आतून जाळाचा भपका बाहेर येतो. भुवया होरपळल्याची उदाहरणे आहेत. म्हणून जाणता माणूस झाकण आधी दोन बोटे उचलतो, जरा थांबतो, हवा हळूच आत जाऊ देतो आणि मग पूर्ण उघडतो. आता विचार करा, कोळशाला तर जाळ नसतो असे आपण म्हटले. मग हा जाळ कशाचा?

श्रोतेहो, ह्या प्रश्नासाठीच मी हे भाषण घेतले आहे. कोळशाला भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली तर अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. हा दुसरा वायू जळू शकतो. भरलेल्या शेगडीवर कधी कधी निळसर, नाचरी ज्योत दिसते ना? ती ह्याच वायूची. कोळशाच्या जाड थरात तळाशी झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लालभडक कोळशातून जाताना पुन्हा कार्बन घेतो आणि मोनॉक्साइड होऊन वर येतो. म्हणजे शेगडी चांगली पेटली, रसरसली, धूर गेला, तरी हा वायू निघतच असतो. वर हवा मिळाली तर त्यातला काही जळतो. उरलेला खोलीत पसरतो.

ह्या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. सिलिंडरच्या गॅसला आपल्याला कळावे म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. ह्याला तो घालणार कोण? आपल्या रक्तातले तांबडे द्रव्य, हिमोग्लोबिन, प्राणवायू वाहून नेते. पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो आणि शरीर मात्र प्राणवायूवाचून राहते. क्लोद बेर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५०नंतरच्या दशकात हे रक्ताचे कोडे उकलले. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन ह्यांनी खाणीतल्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि स्वतःच हा वायू हुंगून परिणाम टिपून ठेवले. खाणीत पिंजऱ्यातला लहान पक्षी न्यावा, ही त्यांचीच सूचना. माणसाला कळण्याआधी पक्षी गळून पडे आणि खाणकामगार बाहेर पळत. ब्रिटनमध्ये खाणीतले हे पक्षी १९८६ साली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यंत्रे आली. आपल्या माजघरात ना पक्षी असतो, ना यंत्र.

आता तो प्रसंग सांगतो. माझ्या पहिल्या मुलीचा जन्म झाला तेव्हा पत्नी माहेरी होती. डिसेंबरातली थंडी. बाळंतिणीची खोली लहान, खिडकीला गोधडी ठोकलेली, दाराच्या फटीत फडके. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा आणि शेपा टाकलेल्या. मी संध्याकाळी पोचलो. पत्नी म्हणाली, “दोन दिवस डोकं फार दुखतंय, मळमळतंय. आई म्हणते, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे.” सासूबाईंचेही डोके जड होते, त्या म्हणाल्या, “जागरण झालंय, दुसरं काय?” शेजारच्या आत्याबाईंनी नजर काढून झाली होती. मी त्या खोलीत अर्धा तास बसलो आणि माझेही डोके ठणकू लागले. अंगणात आलो, तर पाच-दहा मिनिटांत हलके वाटले. पुन्हा आत गेलो, पुन्हा तेच. तेव्हा मला नीट काही समजले होते असे नाही. पण तिघांनाही एकाच खोलीत एकच दुखणे, हे काही मनाला पटेना.

मी म्हणालो, “खिडकी उघडू या.” सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “अहो जावईबापू, बाळंतिणीला वारा लागेल! चार बाळंतपणं ह्याच खोलीत झाली माझी.” मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या चार बाळंतपणांच्या वेळी खोलीवर कौले होती. कौलांच्या फटींतून, भिंतीच्या झरोक्यातून वारा आपोआप येत-जात होता. आता वर सिमेंटचा स्लॅब आला, खिडकीला काच आली, दार घट्ट बसले. रीत तीच राहिली, घर बदलले. मी शेगडी उचलून बाहेर नेली आणि खिडकी उघडली. त्या रात्री सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. सकाळी दोघींचेही डोके उतरले होते. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “तान्ह्या बाळाला बोलता येत नाही, म्हणून ते डोकं दुखतं असं सांगत नाही.” ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

दर हिवाळ्यात बातमी येते, विशेषतः उत्तर हिंदुस्थानातून, की रात्री खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत. अशा वेळी कोणी म्हणते, धूर कोंडला असेल. धूर नव्हे. धूर असता तर खोकून तरी जाग आली असती. आपल्या लोकांची समजूत अशी, की धूर गेला, कोळसा लाल झाला, आता शेगडी आत न्यायला हरकत नाही. ही समजूतच घात करते. आपल्या भाषेत विस्तवाच्या प्रत्येक अवस्थेला वेगळे नाव आहे : जाळ, निखारा, फुफाटा, राख. आगीतून उठून फुफाट्यात पडणे, असेही आपण म्हणतो. जाळ दिसतो म्हणून माणूस त्याच्यापासून दूर राहतो. फुफाटा वरून राखेसारखा शांत दिसतो आणि म्हणूनच तो फसवतो. म्हण रचणाऱ्याला ह्या वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण गप्प बसलेल्या विस्तवावर भरवसा ठेवू नये, हे त्याला पक्के ठाऊक होते.

तेव्हा काय करावे? शेगडी उघड्यावर पेटवावी आणि जमेल तेवढे काम उघड्यावर किंवा ओसरीवर करावे. झोपण्याच्या खोलीत ती कोणत्याही कारणाने ठेवू नये. खिडकीची एक फट उघडी आहे, एवढ्यावर विसंबू नये. बाळंतिणीला शेक हवा असेल तर ऊब महत्त्वाची, कोळसा नव्हे. फडके बाहेर तव्यावर तापवून आणावे, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्यावी. बाळाला आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून गोधडी पांघरावी. ह्या उबेसारखी ऊब नाही, असे आजचे डॉक्टरही सांगतात. ओव्याची धुरी तान्ह्या बाळाच्या नाकाला नकोच.

एकाच खोलीतल्या सगळ्यांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, गुंगी येऊ लागली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर नजर काढू नका, शेगडी काढा. कोणी बेशुद्ध असेल तर आधी दारे-खिडक्या उघडा आणि त्याला ताबडतोब उघड्यावर आणा. आणणाऱ्यानेही आत रेंगाळू नये. कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा की खोलीत कोळशाची शेगडी होती. २०२० सालच्या साथीपासून बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र अनेक घरांत आले आहे. ह्या विषबाधेत त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याला प्राणवायू आणि हा वायू ह्यांतला फरक कळत नाही, ते आकडा चांगलाच दाखवते. दवाखान्यात शुद्ध प्राणवायू दिला की हा वायू रक्तातून पुष्कळ लवकर सुटतो, म्हणून वेळ दवडू नये.

शेगडी विझवतानाही शहाणपण असावे. तापलेल्या मातीवर पाणी ओतले तर ती तडकते आणि वाफेने हात भाजतो. निखारे चिमट्याने मातीच्या मडक्यात घालून वर घट्ट झाकण ठेवावे. हवा तुटली की ते विझतात आणि उद्या पुन्हा लवकर पेट घेतात. हे मडके मात्र अंगणात ठेवावे, घरात नव्हे, कारण विझता विझता निखारा हाच वायू सोडत असतो. गरम राख पोत्यात भरू नये. राखेखाली विस्तव तासन्‌तास जागा असतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. मेणबत्ती आणि निखाऱ्याचा प्रयोग उघड्या मैदानात, स्वतःच्या हाताने, मुलांना दाखवा. नंतर मुलांना घरी जाऊन एवढेच पाहून यायला सांगा, की आपल्या घरात शेगडी कुठे पेटते आणि रात्री ती कुठे असते. मुलगी घरी जाऊन आजीला म्हणेल, “आजी, शेगडी बाहेर ठेवू या, बाईंनी सांगितलंय.” माझे भाषण आजी ऐकेल की नाही कोण जाणे, पण नातीचे ती ऐकेल.

आणि माझ्या सासूबाई? दोन वर्षांनी धाकटा मुलगा झाला, तेव्हाही पत्नी माहेरीच होती. मी पोचलो तर शेगडी अंगणात तुळशीजवळ पेटलेली, तिच्यावर तवा, तव्यावर घडी करून ठेवलेली फडकी तापत होती. खोलीची खिडकी उघडी होती. मी काही बोललो नाही. त्याच म्हणाल्या, “बघताय काय? शेक काय खोलीत शेगडी असली तरच लागतो?”